परस्थळ

माझ्या लहानपणी करमाळ्याच्या पेठेतून कापड आणले की दुकानदार जे बिल देत असे, त्याच्या माथ्यावर मधोमध 'श्री' असे आणि कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरांत एक ओळ असे, 'सब्जेक्ट टू सोलापूर ज्युरिस्डिक्शन'. इंग्रजी अक्षरे जुळवता येऊ लागली तेव्हा मी ती ओळ मोठ्या कष्टाने वाचली आणि वडिलांना अर्थ विचारला. ते म्हणाले, "तसं छापायची पद्धत असते." माझे समाधान झाले. 'श्री' छापतात तशी ही ओळही छापत असतील. पुढे पस्तीस वर्षे मास्तरकी केली, नागरिकशास्त्र शिकवले, शेकडो कागदांवर ही ओळ नजरेखालून गेली. पण तिचा अर्थ समजून घ्यावा असे कधी वाटले नाही. तो घ्यावा लागला सत्तरी ओलांडल्यावर, एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. आजचे लिहिणे थोडे रागाचे आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

हा विद्यार्थी दहावीला गणितात हुशार होता. परिस्थितीमुळे पुढे शिकला नाही. गावात छोटे दुकान टाकले, चालवले. काही वर्षांपूर्वी दिल्लीच्या एका कंपनीची पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रांची तालुक्यापुरती एजन्सी त्याने घेतली. अनामत एक लाख ऐंशी हजार रुपये, तेही पतसंस्थेचे कर्ज काढून. दोन वर्षे बरी गेली. मग कंपनीने माल पाठवणे बंद केले. याने उरलेला माल परत केला, पावत्या घेतल्या आणि अनामत मागितली. आज देतो, उद्या देतो असे करत वर्ष गेले. मग फोन उचलणेच बंद झाले.

एका संध्याकाळी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन माझ्याकडे आला. "सर, एवढं इंग्रजी वाचून अर्थ सांगा. वकीलसाहेब म्हणतात केस चांगली आहे, पण इथं चालायची नाही. असं कसं?"

मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला माणूस. डिक्शनरी घेऊन बसलो. करार चौदा पानांचा होता आणि बाराव्या पानावर सत्ताविसावे कलम होते. त्याचा अर्थ असा, की या करारातून उद्भवणारे सगळे वाद फक्त दिल्लीच्या न्यायालयांच्या अधिकारक्षेत्रात राहतील. वकिलाच्या नोटिशीला कंपनीने उत्तर दिले होते, त्यातही एवढेच होते: कलम सत्तावीस पाहावे. अनामत देणे लागतो किंवा लागत नाही, याबद्दल अवाक्षर नाही!

लहानपणची ती बिलावरची ओळ मला तेव्हा कळली.

मग मी या विषयाच्या मागेच लागलो. वकीलसाहेबांकडून पुस्तके आणली, त्यांना प्रश्न विचारून भंडावले. जे कळले ते आधी सांगतो, कारण मूळ कायदा किती शहाणपणाचा आहे हे पाहिल्याशिवाय माझा राग कळायचा नाही.

दिवाणी दावा कोणत्या कोर्टात लावायचा, हे ठरवायला तीन प्रश्न विचारायचे. कशाचा? केवढ्याचा? कुठला?

पहिला प्रश्न, वाद कशाचा. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ सालची. तिचे नववे कलम सांगते, की कायद्याने स्पष्टपणे किंवा ओघाने मनाई केलेली नसेल तर दिवाणी स्वरूपाचा कोणताही वाद दिवाणी कोर्ट चालवील. मनाई कुठे कुठे आहे. सहकारी संस्था आणि सभासदांमधले बरेचसे वाद सहकार न्यायालयाकडे जातात. एखादा माणूस जमिनीचा कूळ आहे की नाही, हा प्रश्न तहसीलदारांकडे जातो. बाकी दार उघडे.

दुसरा प्रश्न, दावा केवढ्या रकमेचा. पंधराव्या कलमाप्रमाणे दावा चालवण्यास समर्थ असलेल्या सर्वांत खालच्या पायरीच्या कोर्टात तो लावायचा. शाळेत तक्रार आधी वर्गशिक्षकांकडे करायची, एकदम मुख्याध्यापकांच्या खोलीत घुसायचे नाही, तसेच हे. लहान रकमेचा दावा कनिष्ठ स्तराकडे, मोठा वरिष्ठ स्तराकडे. मुंबईची रचना वेगळी आहे. तिथे नगर दिवाणी न्यायालयाची मर्यादा एक कोटीची होती, ती २०२४ पासून दहा कोटी झाली. त्यावरचे दावे उच्च न्यायालयात. माझ्या विद्यार्थ्याचा दावा तालुक्याच्या कोर्टात सहज बसणारा होता.

तिसरा प्रश्न, दावा कुठला. खरी गंमत इथे आहे. जमीन किंवा घर यांचा वाद असेल तर सोळाव्या कलमाप्रमाणे ती मिळकत जिथे आहे तिथले कोर्ट. भाऊ पुण्यात असो की अमेरिकेत, करमाळ्याच्या शेताच्या वाटपाचा दावा इकडेच. शेत काही उठून पुण्याला जात नाही. शेजारी, तलाठ्याचे दप्तर, बांध दाखवणारे साक्षीदार सगळे इथेच. कोणी कोणाची मारहाण किंवा बदनामी केली आणि भरपाई मागायची असेल, तर एकोणिसावे कलम. त्यात उदाहरण दिले आहे, की दिल्लीत राहणाऱ्या 'अ'ने 'ब'ला कलकत्त्यात मारले तर 'ब' कलकत्त्यात किंवा दिल्लीत, कुठेही दावा लावू शकतो. मला हे उदाहरण फार आवडले. शंभरावर वर्षे झाली, तो 'ब' अजून मार खातोच आहे.

उरलेल्या बहुतेक दाव्यांसाठी विसावे कलम. प्रतिवादी जिथे राहतो, धंदा करतो किंवा पोटासाठी काम करतो तिथे. किंवा दाव्यास कारण जिथे पूर्णपणे वा अंशतः घडले तिथे. आपल्याकडच्या प्रत्येक वादपत्रात 'दाव्यास कारण अमुक रोजी अमुक मुक्कामी घडले' असे वाक्य असते, ते याचसाठी.

यामागचा विचार पाहा. ज्याच्यावर आरोप करायचा त्याला घरापासून लांब ओढत नेऊ नये, म्हणून प्रतिवादीचे गाव. आणि ज्याचे नुकसान झाले त्यालाही दूर धाडू नये, व्यवहार जिथे झाला तिथे पुरावा असतो, म्हणून कारण घडल्याचे गाव. दोन्ही बाजूंचा विचार केलेला आहे. एक वादी म्हणून माझ्या विद्यार्थ्यासमोर दिल्ली आणि करमाळा अशी दोन दारे कायद्याने उघडी ठेवली होती. सही इथे झाली, पैसे इथून गेले, माल इथे उतरला.

बाराव्या पानावरच्या एका ओळीने त्यातले एक दार लावून टाकले. उरले ते दिल्लीचे.

तुम्ही म्हणाल, दोन माणसांनी सही करून कायदा बदलता येतो का? नाही येत. ज्या कोर्टाला मुळात अधिकारच नाही, त्याला पक्षकारांची संमती अधिकार देऊ शकत नाही. गुरगावच्या एका भूखंडाच्या करारात दिल्लीच्या कोर्टाचा उल्लेख होता आणि खरेदीदाराने १९८८ मध्ये दिल्लीत दावा लावला. जमीन गुरगावची, म्हणून दिल्लीला अधिकार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिला. सतरा वर्षांनी! दार चुकले तर काय होते ते यावरून समजावे.

पण दोन कोर्टांना अधिकार असेल तर त्यातले एक निवडण्याचा करार चालतो. हकम सिंग विरुद्ध गॅमन या १९७१ च्या निकालाने हे पक्के झाले. ठेकेदार वाराणसीला गेला होता, करारात मुंबई होती. निकाल मुंबईच्या बाजूने. पुढे २०१३ मध्ये स्वस्तिक गॅसेसचा निकाल आला. जयपूरची ही फर्म एका मोठ्या तेल कंपनीचे वंगण विकणारी एजंट होती, आणि करारात कोलकात्याचे नाव होते. 'फक्त' हा शब्द तिथे नव्हता. तरी न्यायालय म्हणाले, की एका शहराचे नाव घेतले म्हणजे बाकीची वगळली असाच हेतू. जयपूरवाल्यांनी कोलकात्याला जावे. आणि अगदी अलीकडे, एप्रिल २०२५ मध्ये, एका खाजगी बँकेच्या पाटण्याच्या कर्मचाऱ्याचा निकाल लागला. नोकरी गेली, त्याने पाटण्यात दावा लावला, नेमणूकपत्रात मुंबई लिहिलेली होती. मुंबईला जा, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. करार बलवान आणि दुबळ्यांत झाला म्हणून निराळा मोजता येत नाही, अशा अर्थाचे विवेचन त्या निकालात आहे. सिंह आणि ससा ही उपमाही त्यातलीच.

वाराणसीहून मुंबई, जयपूरहून कोलकाता, पाटण्याहून मुंबई, आणि आता करमाळ्याहून दिल्ली. भूगोलाच्या तासाला नकाशावर बाण काढायला लावावेत तशी ही यादी आहे. सगळे बाण मुख्य कचेरीकडे. मुख्य कचेरीतून निघून माणसाच्या गावाकडे जाणारा एकही बाण मला सापडला नाही, कारण छापखान्यात मजकूर पाठवणारा नेहमी तोच असतो.

न्यायालयाचा मान ठेवूनही मला इथे म्हणायचे आहे, की ससा आणि सिंह यांना एकच नियम लावणे ही समानता नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याचे अठ्ठाविसावे कलम सांगते, की नेहमीच्या न्यायालयात आपला हक्क बजावण्यापासून एखाद्याला पूर्णपणे रोखणारा करार निरर्थक असतो. निकालांत यावर उत्तर असे, की पूर्णपणे कुठे रोखले? एक कोर्ट शिल्लक आहेच. बरोबर, कागदावर आहे. आता माझ्या विद्यार्थ्याने माझ्यासमोर वहीच्या पाठकोऱ्या पानावर केलेला हिशेब ऐका. जेऊरला जाऊन गाडी, दौंडला बदल, तिथून दिल्ली एक दिवस आणि एक रात्र. परतायला तेवढेच. एका तारखेला दुकान पाच दिवस बंद. दिल्लीचा वकील, त्याची फी, उतरायची खोली. माल उतरवून घेणारा हमाल आणि गल्ल्यावरचा पोरगा हे साक्षीदार, त्यांचे जाणे-येणे, त्यांचा बुडालेला रोज. तारीख पडली की हे सगळे पुन्हा. त्याने बेरीज केली, एक लाख ऐंशी हजारांशी ताडून पाहिली आणि पेन्सिल खाली ठेवली. मी म्हटले ना, गणितात हुशार होता.

मग मला म्हणाला, "सर, तुम्हीच शिकवलं होतं, कोर्टाचं दार सगळ्यांना उघडं असतं."

मी शिकवले होते. परीक्षेत या वाक्याला मी गुणही दिले होते. मी गप्प बसलो.

आता या ओळीच्या बाजूने जे बोलले जाते, त्याला एक एक करून उत्तर देतो.

पहिले म्हणणे, "सही केली ना? मग वाचून करायची होती." वाचली असती तरी काय फरक पडला असता? छापील करारातले सत्ताविसावे कलम खोडून द्या म्हणणाऱ्याला कंपनी एजन्सी देते का? नोकरीच्या पत्रावर सही करणाऱ्या पोराला कोणी विचारते का, की बाबा, तुला कुठले कोर्ट सोयीचे? घासाघीस झाली तर करार. इथे एकाने लिहिले आणि दुसऱ्याने सही केली. सर्वोच्च न्यायालयानेच १९८६ मध्ये ब्रोजोनाथ गांगुली खटल्यात म्हटले होते, की दोन्ही बाजूंच्या ताकदीत फार तफावत असताना दुबळ्याच्या माथी मारलेली विवेकाला न पटणारी अट न्यायालय मानणार नाही. ती नोकरी सरकारी कंपनीतली होती, हे खरे. पण ताकदीतली तफावत खाजगी कंपनीत कमी असते असे कोण म्हणेल?

दुसरे म्हणणे, "कंपनीचा धंदा देशभर. तिने काय प्रत्येक तालुक्यात कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या?" माझे उत्तर सोपे आहे. प्रत्येक तालुक्यातून पैसे गोळा करताना अंतर आड येत नाही, ते परत द्यायची वेळ आली की कसे येते? कायद्याने हे ओळखलेले आहे. विसाव्या कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे, की कंपनीची शाखा जिथे आहे आणि कारणही तिथेच घडले आहे, तिथे कंपनी धंदा करते असे समजावे. याच आधारावर १९९१ मध्ये पटेल रोडवेजच्या खटल्यात फार चांगला निकाल लागला. तमिळनाडूतल्या बोडिनायकन्नूरच्या वेलदोड्याच्या व्यापाऱ्याने तिथल्या शाखेत माल दिला, तो दिल्लीच्या गोदामात आगीत सापडला. पावतीवर मुंबईचे कोर्ट छापलेले होते, कारण मुख्य कचेरी मुंबईत. सर्वोच्च न्यायालय म्हणाले, की कारण घडले तिथे शाखा असताना केवळ मुख्य कचेरी आहे म्हणून मुंबईला अधिकार मिळत नाही, आणि जिथे अधिकारच नाही ते कोर्ट करारानेही देता येत नाही. व्यापाऱ्याचा दावा त्याच्याच भागात चालला.

हा निकाल वाचून मी उड्या मारत वकीलसाहेबांकडे गेलो. ते हसले. म्हणाले, "सर, कंपनीची इथं शाखा कुठाय?" खरेच. करमाळ्यात कंपनीचे ऑफिस म्हणजे एका पोराची मोटारसायकल आणि त्याच्या पाठीवरची बॅग. फलक नाही, भाड्याची खोली नाही. धंदा तालुकाभर आणि पत्ता दिल्लीत! अशा कंपनीला विसाव्या कलमाचे स्पष्टीकरण गाठू शकत नाही. आता जे धंदे मोबाइलवरच चालतात त्यांचे तर विचारूच नका.

तिसरे म्हणणे नव्या जमान्याचे. "आता ई-फायलिंग आहे, व्हिडिओवरून सुनावणी होते, अंतराचे काय घेऊन बसलात?" फार छान. मग कंपनीनेच करमाळ्याच्या कोर्टात व्हिडिओवरून हजर राहावे! तिच्याकडे संगणक आहेत, पगारी वकील आहेत, इंग्रजी आहे. सोय एवढी झाली असेल तर ती ओळ छापायची गरजच संपली. तरी छापतात, याचा अर्थ अंतर अजून उपयोगी पडते.

चौथे म्हणणे, "व्यापारात निश्चितता हवी." मान्य. दोन मोठ्या कंपन्यांनी आपापले वकील समोर बसवून कोर्ट ठरवले तर माझी काही तक्रार नाही. दोघांनाही दोन्ही शहरे परवडतात. माझे भांडण छापील करारातल्या ओळीशी आहे, जी एक बाजू लिहिते आणि दुसरी सोसते.

हे सगळे संसदेला कळत नाही असेही नाही. १९८६ च्या ग्राहक कायद्यात तक्रार करायला सामनेवाल्याच्या किंवा कारण घडल्याच्या ठिकाणी जावे लागे. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात तक्रार लावण्याची मुभा दिली, ती जुलै २०२० पासून लागू झाली. लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यातही असेच आहे. माल पुरवणाऱ्या लहान उद्योगाचे पैसे थकले तर तो आपल्या भागातल्या परिषदेकडे जाऊ शकतो, घेणारा भारतात कुठेही असो. म्हणजे दुबळ्याच्या गावी न्याय न्यायचा, हे तत्त्व आपण दोनदा मान्य केले आहे. पण माझा विद्यार्थी ग्राहक नाही, कारण माल पुन्हा विकायला घेतला होता. तो माल पुरवणाराही नाही. दोन्ही छत्र्यांच्या मधे उभा राहून भिजणारा माणूस तो. नोकरदारही तसाच.

कायदा आयोगाने २००६ मध्येच १९९ वा अहवाल करारांतल्या अन्याय्य अटींवर दिला होता, विधेयकाचा मसुदाही जोडला होता. त्याचा कायदा झाला नाही. युरोपीय संघाचा २०१२ चा नियम तर अगदी साधा आहे. ग्राहक असो की कामगार, त्याला लांबच्या कोर्टात बांधून घालणारा करार वाद उभा राहण्याआधी केलेला असेल तर त्याच्याविरुद्ध चालत नाही. वाद झाल्यानंतर, डोळे उघडे ठेवून, दोघांनी मिळून कोर्ट ठरवले तर चालेल. मला हे फार शहाणपणाचे वाटते. वाद झाल्यावर माणसाला कळते की आपण काय सोडून देतो आहोत. आधी कळत नाही.

माझी मागणीही एवढीच आहे. छापील करारातली कोर्टाची अट नोकरदार, लहान एजंट आणि लहान दुकानदार यांच्याविरुद्ध चालू नये. विसाव्या कलमाने दिलेली दोन्ही दारे त्यांना उघडी असावीत. त्यासाठी नवे काही शोधायचे नाही, १९०८ च्या कायद्यात आहे तेवढे शाबूत ठेवायचे आहे.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर चार गोष्टी सांगतो. सही करण्यापूर्वी कराराची शेवटची पाने आधी वाचा, ही ओळ तिथेच असते. ग्राहक असाल तर छापील ओळीला घाबरू नका, तुमच्या जिल्ह्याचा आयोग तुमचा आहे. कंपनीची शाखा तुमच्या गावात असेल आणि व्यवहार तिथेच झाला असेल तर वकिलाला १९९१ च्या निकालाची आठवण करून द्या. आणि तुमच्यावरच कोणी चुकीच्या गावी दावा लावला तर हरकत पहिल्याच संधीला घ्या. एकविसावे कलम सांगते, की ठिकाणाबद्दलची हरकत उशिरा घेतली तर वरचे कोर्ट सहसा ऐकत नाही.

आणखी एक. ओळ करारात आहे हे माहीत असूनही 'बघू काय होते' म्हणून गावात दावा लावण्याची जोखीम समजून घ्या. कोर्ट वादपत्र परत करते आणि मग योग्य कोर्टात ते नव्याने दाखल करावे लागते. असे झाले तर खटला पुन्हा पहिल्यापासून चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. झालेल्या साक्षी, गेलेली वर्षे, सारे पाण्यात.

शेवटी इतिहासाच्या मास्तराला सुचलेली एक गोष्ट. मराठेशाहीत गावचा तंटा गावच्या गोतसभेपुढे चाले. जिथला वाद तिथले गोत, तिथलेच साक्षीदार. मात्र इथले लोक समोरच्याच्या धाकात आहेत, मला इथे न्याय मिळणार नाही, असे ज्याला वाटे तो 'परस्थळ' मागू शके. मग वाद दुसऱ्या ठिकाणच्या गोताकडे नेमून दिला जाई. परस्थळ ही घाबरलेल्याची ढाल होती. आजही एका कोर्टातून दुसऱ्या कोर्टात खटला हलवण्याचा अधिकार वरच्या न्यायालयांना आहे, तो याच जातीचा.

तीन-साडेतीनशे वर्षांत आपण एवढी प्रगती केली, की परस्थळ आता बलवान माणूस आधीच छापून ठेवतो.

माझ्या विद्यार्थ्याने दिल्लीला दावा लावला नाही. पतसंस्थेचा हप्ता तो अजून भरतो आहे. परवा दुकानात गेलो तर त्याने नवे बिलबुक छापून आणले होते. मी सवयीने कोपऱ्यात पाहिले. 'श्री' होता, फोन नंबर होता. ती ओळ नव्हती.

"छापखानेवाला टाकत होता, सर," तो म्हणाला. "मीच काढायला लावली. गिऱ्हाईक काय आपल्याच गावचं. भांडायचं तर हितंच भांडू."